टॉप बॉक्सला ब्रेकलाइट: काम तीन वायरींचं

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुकं उतरलं, की मागच्या गाडीला आपल्या बाइकचा फक्त टेललाइट दिसतो. त्यात मोठा टॉप बॉक्स आणि त्याचं लोंबणारं रेनकव्हर असेल, तर उंच बसलेल्या ट्रकवाल्याला तोही दिसत नाही. म्हणून बॉक्सच्या मागे लाल एलईडी पट्टी लावायची.

वायरी तीनच: अर्थ, टेल आणि ब्रेक. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे अंदाज नको, मल्टिमीटर लावा. ब्रेक दाबल्यावरच 12 व्होल्ट दाखवते ती ब्रेकची. लाइट चालू असताना सतत दाखवते ती टेलची.

3 वॅटची पट्टी 12 व्होल्टवर फक्त 0.25 अँपिअर खेचते. बॅटरीला कळणारही नाही. मग फ्यूज कशाला? कारण वायर बॉक्सच्या कडेला घासून शॉर्ट झाली, तर बाइकचा मूळ फ्यूज उडतो आणि असलेला ब्रेकलाइटही जातो! म्हणून टेल आणि ब्रेक, दोन्ही वायरींना 1 अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकाच.

भोकात रबरी ग्रोमेट बसवा. बॉक्स काढता यावा म्हणून तीन पिनचा वॉटरप्रूफ कनेक्टर घ्या.

आणि निघण्याआधी मित्राला मागे उभं करा. हाताचा ब्रेक, पायाचा ब्रेक, दोन्ही दाबून बघा. पट्टी पेटली? मग निघा बिनधास्त!