मीठ हातावर देऊ नये

दिवाळी उलटून हवा कोरडी पडली, की मी तव्यावर खडे मीठ भाजायला घेतो. साठी ओलांडलेल्या माणसाचा हा उद्योग पाहून घरात हसू होते. होवो. कुणाकडे जाताना मिठाईच्या पुड्याऐवजी मला तिखट-मिठाची बरणी न्यावीशी वाटते. माझ्या वयाचे मित्र सगळेच रक्तदाबाची गोळी घेणारे, त्यामुळे बरणी अगदी लहान!

ही सवय कोल्हारची. प्रवरेकाठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे हे गाव. बँकेतर्फे तिथे बदलून गेलो तेव्हा मी तरुण होतो आणि हातात थकबाकीदारांची यादी होती. राहात्याकडचा पेरू प्रसिद्ध. अशाच एका पेरूच्या बागेवरचे हप्ते थकले होते. मालक घरी नव्हते. मावशींनी पेरूच्या फोडी आणि बशीत तिखट-मीठ पुढे ठेवले. मी म्हणालो, "राहू द्या, मावशी." खाल्ल्या मिठाला जागायचे असते, आणि वसुलीच्या साहेबाला ते परवडत नाही. मावशींनी ओळखले. म्हणाल्या, "हातावर न्हाई देत, सायेब. खाली ठेवलंय. भांडण न्हाई व्हायचं."

मी खाल्ले. पुढच्या आठवड्यात नोटीसही पाठवली.

माझी बदली झाली तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. शेवटच्या दिवशी शिपायाने टेबलावर एक बरणी आणून ठेवली. भेटवस्तू घेणे नियमात बसत नव्हते. पण मिठाला भेटवस्तू कोण म्हणतो? याच मिठासाठी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर माणसांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, हे मात्र तेव्हा आठवले नाही.

ती चव जमवायचा प्रयत्न मी इतकी वर्षे करतो आहे. पाव किलो खडे मीठ मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजायचे, म्हणजे खड्यांत अडकलेले पाणी जाते. भाजलेले जिरे दोन चमचे, कोरड्या तव्यावर शेकलेल्या सुक्या मिरच्या सात-आठ, चमचाभर पादेलोण. पादेलोण जपून, त्याचा गंधकाचा वास बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो. कुटायचे खलबत्त्यात. मिक्सरमध्ये त्याचे पीठ होते आणि ते फोडीवर बसण्याआधीच विरघळते.

गेल्या वर्षी बरणी घेऊन कोल्हारला गेलो. मावशी नव्हत्या. बाग मात्र होती. कर्ज कधीच फिटले होते. सूनबाईंनी बरणीतले चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आत्याबाईंच्या मिठाला लिंबू असायचं. आधी पिळायच्या, मग वाळवायच्या."

यंदा तसे केले आहे. दोन लिंबे पिळून मीठ परातीत पसरून उन्हात ठेवले. आज तिसरा दिवस. बोटाला अजून ओल लागते.