ठिणगी कोंडणारी पेटी

पेट्रोलपंपावरच्या यंत्रात मोटार असते, स्विच असतात, दिवे असतात. म्हणजेच ठिणगी पडण्याच्या जागा असतात. मग तेथे आग का लागत नाही?

आधी पेट्रोलचा स्वभाव पाहू. जळते ते द्रव पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. ज्या किमान तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, त्याला प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. तेव्हा महाबळेश्वरच्या थंडीतही ते पेटायला तयारच! ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, केबलच्या चरांत साचते. म्हणून असे चर वाळूने भरून टाकतात. हवेत वाफ शेकडा १.४ ते ७.६ असली की सुमारे पाव मिलिज्यूलची ठिणगी पुरते. हे किती थोडे? आपल्या शरीराची धारिता १५० पिकोफॅरड धरू. कपड्यांच्या घर्षणाने त्यावर ४००० व्होल्ट विभव आले, तर ½CV² या सूत्राने ऊर्जा १.२ मिलिज्यूल येते. जवळजवळ पाचपट!

म्हणून पंपावरचे स्विच बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पेटीत बसवतात. ही पेटी हवाबंद असते असा पुष्कळांचा समज असतो. माझ्या पदवीच्या वर्गातही हेच उत्तर मिळते. वस्तुतः तापमान बदलले की पेटी जणू श्वास घेते आणि वाफ आत शिरते. अभियंते ते गृहीतच धरतात. आत स्फोट झाला तरी पेटी फुटू नये, एवढी ती भक्कम असते. झाकणाच्या रुंद धातूच्या कडांमधील फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. तीतून बाहेर येताना ज्वाला धातूला उष्णता देऊन विझते. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली, तिच्यामागे हेच तत्त्व होते. आता एखाद्या कारागिराने झाकणाचा एक बोल्ट बसवलाच नाही, तर? फट रुंदावते आणि महागडी पेटी साध्या डब्याच्या मोलाची होते.

भारतात यासाठी पेट्रोलियम नियम, २००२ आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

घरात मात्र अशी पेटी नसते. रात्री बंद खोलीत पेट्रोल सांडले, तर दिवा लावू नका, आणि लागलेला असेल तर विझवूही नका. संपर्क तुटतानाही ठिणगी पडते. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडा. मेन स्विच घराबाहेर, वाफेपासून दूर असेल, तरच त्याला हात लावा.