काटकसर मुद्दलापर्यंत कशी पोचते

भोर-वेल्ह्याच्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. घरचा इंद्रायणी, उतारावरची नाचणी, परसातला पावटा, पावसाळ्यात कुर्डू नाहीतर टाकळ्याची भाजी, आंघोळीचं पाणी बंबावर. खिशात हात न घालता दिवस निभावण्याची सवय इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. तरीही गृहकर्ज काढलेली कितीतरी घरं वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढतात, एकही हप्ता चुकवत नाहीत, आणि दहा वर्षांनी बँकेचा उतारा हातात आला की हबकतात. कर्ज फारसं हललेलंच नसतं. वाचवलेला पैसा घरात वाचतो खरा, पण तो मुद्दलापर्यंत पोचत नाही. तो तिथवर कसा न्यायचा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आकडे समोर ठेवून बोलू. समजा, शिरवळच्या कारखान्यात कामाला असलेल्या माणसानं भोरला घर घेतलं. कर्ज २० लाख, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता बसतो १७,३५६ रुपये. बाहेरून हा हप्ता वीस वर्षं सारखाच दिसतो, आतून मात्र दर महिन्याला बदलतो. बँक आधी त्या महिन्याचं व्याज काढते: शिल्लक मुद्दलावर साडेआठ टक्के, भागिले बारा. पहिल्या महिन्यात हे व्याज होतं १४,१६७ रुपये. ते हप्त्यातून वळतं झालं की उरतात ३,१८९, आणि तेवढेच मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात व्याज १९,९६,८११ रुपयांवर लागतं, म्हणजे आधीपेक्षा जेमतेम तेवीस रुपये कमी. हे तेवीस रुपये मुद्दलाकडे सरकतात. कर्ज फिटण्याची सुरुवात इतक्या हळू होते.

दहा वर्षं झाली की या कुटुंबानं २० लाख ८३ हजार रुपये भरलेले असतात, आणि तरीही जवळजवळ १४ लाख देणं बाकी असतं. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजाच्या वाट्याला गाठतो, तेव्हा बारावं वर्ष सरत आलेलं असतं. वीस वर्षांचं एकूण व्याज २१ लाख ६५ हजार. यात बँकेची लबाडी नाही, सारख्या हप्त्याचं गणितच असं आहे. पण हे गणित ज्याला दिसलं, त्याला पुढची गोष्टही दिसते: हप्त्याच्या वर भरलेला प्रत्येक रुपया अख्खा मुद्दलात जातो. त्या महिन्याचं व्याज हप्त्यानं आधीच फेडलेलं असतं.

याच कर्जावर पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला २,००० रुपये जास्त भरले, तर कर्ज वीस वर्षांऐवजी साधारण साडेपंधरा वर्षांत फिटतं आणि साडेपाच लाखांवर व्याज वाचतं. पैसा कधी भरला यालाही मोठं मोल आहे. पहिलं वर्ष संपताना एकदाच २०,००० रुपये भरले, तर शेवटचे साडेपाचांवर हप्ते गळून पडतात, म्हणजे जवळपास ९८ हजार रुपये. तेच २०,००० पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले, तर पावणेदोन हप्तेच वाचतात. आपल्याकडे माणसं उलटं करतात. सुरुवातीला नवं घर म्हणून फर्निचर, वास्तुशांत, टीव्ही, आणि पोरं कमावती झाल्यावर कर्ज संपवायची घाई. माझ्या मते ओढायचीच असेल, तर पहिली पाच-सात वर्षं ओढावी आणि मग हात सैल सोडावा.

आता हे दोन हजार आणायचे कुठून? ताटातून काढायला मी सांगणार नाही. पोरांचं दूध, अंडी आणि म्हाताऱ्यांची औषधं यांवर कात्री चालवून जे वाचतं, ते पुढं दवाखान्यात जातं. या भागात सगळ्यात मोठी गळती आहे जाण्यायेण्याची. गाव एकीकडे आणि काम शिरवळ, खेड-शिवापूर नाहीतर थेट पुण्याला. रोज पन्नास किलोमीटर मोटारसायकल चालली, तर सव्वीस दिवसांचे १,३०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला पन्नास देते असं धरलं, तरी महिन्याला सव्वीस लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावानं पावणेतीन हजारांच्या आसपास. टायर, ऑइल, चेन वेगळं. एकाच पाळीला जाणाऱ्या दोघांनी आलटूनपालटून एक गाडी काढली, तर प्रत्येकाचे तेराशे-साडेतेराशे तिथंच सुटतात. कारखान्याची बस महामार्गावरून जात असेल, तर गाडी फाट्यापर्यंतच न्यावी.

एसटीचा हिशेब याहून नीट आहे. मासिक पासात वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस फिरता येतं, त्रैमासिक पासात पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. महिन्याला सव्वीस दिवस कामावर जाणाऱ्या पुरुषाचं सहा दिवसांचं भाडं वाचतं. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. सव्वीस दिवसांचं अर्धं भाडं म्हणजे तेरा दिवसांचं, तेव्हा त्यांना पासापेक्षा रोजचं तिकीटच स्वस्त पडतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास फुकट, म्हणजे आजीला पुण्याला तपासायला नेताना तिकीट लागतं ते फक्त सोबत्याचं. अडचण गाड्यांची आहे. भोर-स्वारगेट मार्गावर त्या मिळतात, वेल्ह्याच्या आतल्या गावांत फेऱ्या मोजक्या. तिथं मोटारसायकल टळत नाही, पण ती पुण्यापर्यंत न्यायची की एसटी मिळेल तिथवरच, एवढं आपल्या हातात आहे.

दुसरा पैसा येतो भातातून, आणि तो वर्षातून एकदाच. कापणी-झोडणी दिवाळीच्या आगेमागे उरकते. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. तेच क्विंटलभर भात गिरणीवर भरडून आणलं, तर साठ-पासष्ट किलो तांदूळ निघतो. पुण्यातल्या ओळखीच्या घरांना तो साठ रुपये किलोनं दिला, तर ३,६०० रुपयांच्या वर हातात येतात. भरडाई आणि वाहतूक त्यातून जाते, पण कोंडा जनावरांना मिळतो आणि कणी घरी राहते. कण्यांची पेज आणि घावन इथं हौसेनं खातात, त्यात कसलाही कमीपणा नाही. अख्खा तांदूळ विकायला, कणी घरात, ही वाटणी जुनी आहे. लावणीला मजूर लावण्याऐवजी सावडीनं एकमेकांच्या वावरात उतरलं, तर रोख मजुरीही वाचते.

भाताचा पैसा आला की तो सगळाच्या सगळा गृहकर्जात टाकू नये. आधी सोसायटीचं पीककर्ज बघावं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर राज्यात ते शून्य टक्क्यानं पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून ती रक्कम बाजूला काढून ठेवावी, आणि शून्य टक्क्याचं कर्ज मुदतीच्या फार आधी फेडण्याची घाईही करू नये. मग पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत. मग पतसंस्थेचं, गाडीचं, हातउसनं घेतलेलं, जे काही गृहकर्जापेक्षा महाग असेल ते. बारा-चौदा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून साडेआठ टक्क्यांचं फेडण्यात नुकसानच आहे. याशिवाय तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम बचत खात्यात राहू द्यावी. शिरवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्यानं ती सहा हप्त्यांपर्यंत न्यावी, कारण ब्रेक मिळाला की पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. दवाखान्याची धास्ती असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घरातल्या सगळ्यांची नावं बसतात की नाही, ते निवांतपणी तपासून ठेवावं. योजनेतल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. एका ऑपरेशनपायी सोनं गहाण टाकलं, तर पाच वर्षांची काटकसर पुसली जाते.

उरलेला पैसा घेऊन बँकेत जायचं. इथं एक बारीक गोष्ट सांभाळावी. कर्जखात्यात नुसते पैसे टाकले, तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याचे आगाऊ पैसे म्हणून धरले जातात. म्हणून अर्जात स्वच्छ लिहावं: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तेवढाच ठेवावा आणि मुदत कमी करावी. बँक दोन पर्याय देते, हप्ता कमी करायचा की मुदत. हप्ता कमी झाला की महिन्याला बरं वाटतं, पण सुटलेला पैसा किराणा-कपड्यात विरून जातो. मुदत कमी केली की व्याजाला मुळातच कात्री लागते. घरात खरंच ओढाताण असेल तरच हप्ता कमी करून घ्यावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पंधरा दिवसांनी उतारा काढून मुद्दल तेवढ्यानं उतरलं का, हे डोळ्यांनी बघावं. ज्यांचा पैसा हंगामी आहे, त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाचीही चौकशी करावी. त्यात भाताचा पैसा कर्जखात्यात ठेवला की तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि जूनमध्ये बियाण्याला तो परत काढता येतो. दर थोडा जास्त असतो, पण हात आवरणाऱ्या घराला ते परवडतं.

व्याजदर फिरला की काय होतं, तेही उताऱ्यातच दिसतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. तेव्हा बहुतेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. आपल्या उदाहरणात सुरुवातीलाच दर साडेआठचा साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात, म्हणजे पावणेसहा वर्षं वाढली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बांधून घातलं: दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं, आणि दर तिमाहीला मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, हे कळवायचं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. अशा वेळी हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवला, तर घरखर्चाला हात न लावता मुदत आटते. जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेलं कर्ज असेल, तर ते रेपोशी जोडून मागावं. थोडं शुल्क पडतं, पण बहुतेक वेळा ते काही महिन्यांत भरून निघतं.

उतारा वाचण्यावर मी इतका भर देतो, त्याला पुणे जिल्ह्याचा इतिहासही कारण आहे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. पुढं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि खतावरचा आकडा जसाच्या तसा न मानता त्याच्या मागचा सगळा हिशेब उघडून बघण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. त्या माणसांना हिशेब बघायला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपला हिशेब आज मोबाइलवर येतो, तेव्हा तो न बघता ठेवू नये.

कागदाचा संबंध व्याजाशी थेट आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत, मग माणूस पतसंस्थेकडे वळतो आणि तीन-चार टक्के जास्त मोजतो. ड्रोननं गावठाण मोजून मिळकतपत्रिका देण्याचं काम राज्यात सुरू झालं, ते शेजारच्या पुरंदरमधल्या सोनोरीतून. पुढं २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. आपल्या गावठाणाची मोजणी झाली असेल, तर सनद आणि मिळकतपत्रिका काढून घ्यावी. ती असली की महाग कर्ज बँकेकडे वळवायचा रस्ता खुला होतो. महामार्गालगत गुंठा-दोन गुंठे घेताना बिगरशेती आणि मंजूर रेखांकन आधी बघावं, कारण ते नसेल तर स्वस्त कर्जाचं दार तिथंच बंद होतं.

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेताना कर्ज घेतेवेळच्या यादीशी एकेक ताडून घ्यावा आणि बेबाकीचा दाखला मागावा. घर सातबाऱ्याच्या जमिनीवर असेल, तर इतर हक्कात बँकेचा बोजा चढलेला असतो. तो आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना वाचावा. बँकेचं नाव तिथून गेलेलं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.