कुठवर आलीस ते दाखव

सकाळी साडेसहा

मे महिन्यात कर्वेनगरात फिरायला जायचं तर साडेसहाच्या आत बाहेर पडलेलं बरं. सातनंतर ऊन आणि वारज्याकडून येणारी वाहनं एकदमच अंगावर येतात. या वेळी चहाच्या टपरीवर अभ्यासिकेत रात्र काढलेली मुलं दिसतात. डोळे तारवटलेले, हातात कटिंग, काखेत मागच्या वर्षांच्या पेपरांच्या झेरॉक्स. सेकंड सेमची एंडसेम तोंडावर आलीय. त्यातली काही मला ओळखतात आणि कपासकट पाठमोरी होतात, कारण दिलेली गणितं सोडवलेली नसतात.

माझी फेरी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भिंतीलगतून जाते. हे सगळं मूळचं हिंगणे. 1896 मध्ये सुरू झालेला अनाथ बालिकाश्रम 1900 साली इथे आला, तेव्हा त्याचं घर म्हणजे एक झोपडी होती. कर्वे म्हटलं की लोकांना विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण आठवतं. ते बरोबरच आहे, पण पोटापाण्याला हा माणूस गणिताचा मास्तर होता. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताला शिक्षक हवा होता, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कर्व्यांना पुण्यात बोलावलं. 1891 ते 1914 ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. कॉलेजचे तास संपले की चालत हिंगण्याला, आश्रमाच्या कामाला. त्यांच्या घरी राहून शिकलेले र. पु. परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्याच आवारात आता 1991 पासून मुलींचं कमिन्स इंजिनीअरिंग कॉलेज आहे, आणि त्याच्या आसपासच्या सोसायट्यांमध्ये माझ्यासारख्या शिकवण्या घेणाऱ्या बायका.

मी क्लास घेत नाही. क्लासात पन्नास जण आणि फळा एक. माझ्याकडे टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत, आणि येणारं पोर ‘मॅम, डाउट आहे’ म्हणत येतं. फर्स्ट इयरचं फिजिक्स, गणिताचे एम वन, एम टू, क्वचित एम थ्री. बीएस्सीची मुलंही येतात.

साडेआठ

पहिली मुलगी साताऱ्याकडची, इथल्याच एका वसतिगृहात राहते. दप्तर उघडायच्या आतच म्हणाली, “मॅम, मल्टिपल इंटिग्रल अजिबात येत नाही.” हे सगळेच म्हणतात. अख्खं युनिट कुणालाच ‘येत नाही’ असं नसतं. कुठल्या तरी एका ओळीशी गाडी अडलेली असते. म्हणून मी ठरलेलं वाक्य म्हणते, “कुठवर आलीस ते दाखव.”

तिने वही पुढे केली. आत वायचं इंटिग्रेशन, एक्सपासून एकपर्यंत. बाहेर एक्सचं, शून्य ते एक. आणि सोडवायचं काय, तर ई रेज टू वाय स्क्वेअर. बाईंनी दीड पान बाय पार्ट्स केलेलं. अक्षर सुंदर, ओळी सरळ, आणि दर ओळीला प्रकरण आधीपेक्षा लांबतच गेलेलं.

“हे असं सुटणारच नाही,” मी म्हटलं. ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. मॅमनाच येत नसावं, अशी ती नजर. मग सांगितलं, की या फंक्शनचं इंटिग्रल आपल्या नेहमीच्या फंक्शनांत लिहिता येत नाही, कुणालाही. मायनस वाय स्क्वेअर असतं तर निदान एरर फंक्शन म्हणून वेगळं नाव मिळालं असतं, ते याच विषयात दोन युनिटं आधी येऊन गेलंय. पण इथे नाव देऊन भागत नाही. प्रश्नच सांगतोय की क्रम बदल.

“क्रम बदलायचा हे माहितीये,” ती म्हणाली. “लिमिट उलटी केली की झालं ना?”

तर अडलेली ओळ ही. इंटिग्रेशनपर्यंत प्रकरण पोचलंच नव्हतं, चित्रच काढलेलं नव्हतं. मी कोरा कागद दिला. वाय बरोबर एक्स ही रेघ काढली. वाय बरोबर एक ही आडवी काढली. वाय अक्ष होताच. त्रिकोण तयार झाला, टोकं शून्य-शून्य, शून्य-एक, एक-एक. त्यात पेन्सिलीने उभी पट्टी ओढायला लावली. तिरक्या रेघेपासून निघते आणि वरच्या आडव्या रेघेला टेकते. प्रश्नात दिलेल्या लिमिट याच. आता तीच पट्टी आडवी कर. डावीकडे कुठून निघाली? “वाय अक्षावरून, म्हणजे एक्स बरोबर शून्य.” आणि थांबली कुठे? पेन्सिल तिरक्या रेघेवर थांबली. “एक्स बरोबर... वाय?”

मग पुढचं तिनेच केलं. आधी एक्सचं इंटिग्रेशन, शून्यापासून वायपर्यंत. त्यातून ई रेज टू वाय स्क्वेअरच्या आधी एक वाय येऊन बसला, आणि याच वायसाठी ती दीड पान झगडत होती. वाय स्क्वेअरला टी धरलं, उत्तर ई वजा एक, भागिले दोन. तीन ओळी. ती मान हलवत दीड पानाकडे बघत राहिली. मी तिला ते पान फाडू दिलं नाही.

अकरा

कुकर, भाजी, फोनवर दोन पालक. पालकांचा प्रश्न एकच, “पास होईल ना?” मी होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

दोन

दुपारी ‘बॅक’वाले येतात. नांदेडचा मुलगा, एम टू राहिलेला, यंदा निघाला नाही तर वायडी, म्हणजे इयर डाउन, लागायची भीती. त्याला शिकायचं नाही, सुटायचं आहे, आणि मला त्याचा राग येत नाही. पेपरात प्रश्न ‘हा किंवा तो’ असे जोडीने येतात. कुठली युनिटं पक्की करायची आणि कुठली सोडायची, हे आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर मांडतो. डिफरन्शियल इक्वेशन ठेवायचं, कर्व्ह ट्रेसिंग ठेवायचं. सॉलिड जॉमेट्री त्याला झेपत नाही, तर राहू दे. शुद्धतावादी मंडळींना हे पटत नाही. त्यांनी एकदा वायडी लागलेल्या मुलाच्या घरी फोन करून बघावा.

मध्ये एक भानगड असते ती पॅटर्नची. 2015 पॅटर्न, 2019 पॅटर्न, 2024 पॅटर्न. विद्यापीठाने सिलॅबस बदललं की जुन्या बॅकवाल्याचे पेपर वेगळे, नव्याचे वेगळे. त्यामुळे नवा मुलगा आला की नावाआधी मी पॅटर्न विचारते.

साडेचार

फिजिक्स. हे मला मनापासून आवडतं, म्हणून या तासाला घड्याळाकडे लक्ष नसतं. आलेल्या मुलीचं गणित नेहमीचं होतं. एक अँगस्ट्रॉम रुंदीच्या खोक्यात, भिंती अनंत उंच, एक इलेक्ट्रॉन अडकलाय. त्याची सगळ्यात कमी ऊर्जा किती? सूत्र पाठ. एच स्क्वेअर भागिले आठ एम एल स्क्वेअर. कॅल्क्युलेटर बडवला आणि उत्तर काढलं 3.77 गुणिले दहाचा वजा नववा घात, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. खाली दोन रेघा मारून चौकट.

“बरोबर आहे का, मॅम?”

“तूच सांग. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनला बाहेर काढायला किती लागतात?”

“13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट.”

“आणि अणू केवढा असतो?”

“साधारण एक अँगस्ट्रॉम.” मग जरा थांबून, “म्हणजे माझं खोकं अणूएवढंच आहे.”

“मग तेवढ्याच जागेत कोंबलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अब्जावधी पटींनी कमी कशी?”

ती पुन्हा कॅल्क्युलेटरकडे वळली तेव्हा मी तो काढून घेतला. ओळ शोध म्हटलं. सापडली. रुंदीचा वर्ग करायचा राहिला होता, दहाचा वजा दहावा घात तसाच ठेवलेला. वर्ग केला की उत्तर सुमारे 37.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अणूच्या दुनियेत शोभणारा आकडा. परीक्षेत ही चूक झाली तर पेपर तपासणारा बहुधा एखादाच मार्क कापेल. मला मार्काचं वाईट वाटत नाही. चौकटीत आलेल्या आकड्याला ‘तू शक्य आहेस का?’ असं विचारायची सवय कुठल्याही शाळेत लावलेली नसते, ते खटकतं.

सात

तिघीजणी एकत्र येतात, न्यूटन्स रिंग्जच्या ओरलसाठी. मधला ठिपका काळा का? तिथे पाथ डिफरन्स शून्य, मग उजेड हवा ना? एकीने फोन पुढे केला. एआयने सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, काचेवरून परावर्तन होताना अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो वगैरे. उत्तर बिनचूक. मी विचारलं, दोन परावर्तनांपैकी कुठल्या? तिघी गप्प. फोनमधलं उत्तर वाईट नसतं, बऱ्याचदा माझ्यापेक्षा नेटकं असतं. पण ते तुमची वही बघत नाही. हवेच्या पातळ थराचं चित्र काढलं, वरची काच, खालची काच. हवेतून काचेवर आपटणारा किरण खालचा. तिथेच उलटतो. पाच मिनिटांत झालं. नंतर अर्धा तास त्यांनी ओरल घेणाऱ्या सरांच्या नकला केल्या आणि मी हसले.

साडेआठनंतर बीएस्सीचा मुलगा आला. त्याला पेपरापुरतं नको असतं, त्यामुळे मला घाम फुटतो. त्याच्या रिअल ॲनालिसिसच्या शंका माझ्या कुवतीबाहेर जायला लागल्यात. त्याला भास्कराचार्य प्रतिष्ठानात जाऊन चौकशी कर म्हटलं. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये सुरू केलेली संस्था, लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला, इथून सायकलने काहीच नाही. तो लाजला. “मी काय विचारणार तिथे?” म्हटलं, वही घेऊन जा.

रात्री दहा

आता फोनवर फोटो येतात. माझी अट सगळ्यांना माहीत आहे. प्रश्नाबरोबर स्वतःच्या वहीचंही पान हवं, कितीही खोडाखोड असली तरी. एका नव्या मुलीने नुसता प्रश्न पाठवला आणि खाली हात जोडलेले. मी लिहिलं, वही पाठव. बऱ्याच वेळाने पान आलं. वर ‘गिव्हन’ लिहून गोलाचं समीकरण उतरवलेलं, पुढे काही नाही. समीकरण उतरवतानाच एक चिन्ह उलटं झालंय. तिला उद्या साडेसातला ये म्हणून कळवलं, साडेआठची वेळ साताऱ्याकडचीला दिलेली आहे. ती ट्रिपल इंटिग्रल घेऊन येणार आहे आणि चित्र काढून आणते म्हणालीय.