ऑपरेशनआधी दागिने का काढायचे?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी परिचारिका बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढायला सांगते. अनेकींना ते जिवावर येते. दागिना हरवू नये, बोट सुजल्यास अंगठी रुतू नये, ही कारणे आहेतच. आणखी एक कारण टेबलाशेजारच्या यंत्रात आहे. डॉक्टर त्याला कॉटरी म्हणतात.

रक्त थांबवण्यासाठी जखम डागणे ही जुनी रीत. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. कॉटरीचे टोक मात्र आधी तापवलेले नसते. त्यातून वीज शरीरात शिरते, तिला होणाऱ्या विरोधामुळे ऊतीच तापते आणि बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे बंद होतात. १९२६ मध्ये बॉस्टनला हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांच्या अशाच यंत्राने कवटीवरची गाठ काढली. रक्तस्रावामुळे तेच ऑपरेशन तीन दिवसांपूर्वी अर्ध्यावर सोडावे लागले होते!

मग रुग्णाला शॉक कसा बसत नाही? घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, कॉटरीतली लाखो वेळा. इतक्या वेगाला नसा आणि स्नायू प्रतिसाद देत नाहीत.

आत गेलेली वीज बाहेरही यावी लागते. त्यासाठी बहुधा मांडीवर एक रुंद चिकट पॅड लावतात. टोकाशी वीज एका बिंदूत एकवटते म्हणून चटका बसतो. पॅडखाली ती पसरते, म्हणून कातडी जेमतेम कोमट होते. पॅड अर्धवट सुटले की तिथेच भाजू शकते. केस असतील तर ते आधी काढतात, ते याचसाठी. अंगावरचा धातूही विजेला आडवाट देऊ शकतो. नव्या यंत्रांत हा धोका बराच कमी झाला आहे, तरी रुग्णालये नियम सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. अंगठी निघतच नसेल तर ओढाताण न करता आधीच सांगावे.

पेसमेकरचे मात्र न विसरता सांगा. कॉटरीची वीज म्हणजे हृदयाचाच ठोका, असे समजून तो थबकू शकतो. आधी कळले तर डॉक्टर त्याचे सेटिंग बदलून घेतात किंवा चिमट्यासारखी कॉटरी वापरतात. तिच्यात वीज दोन टोकांमध्येच फिरते, पॅड लागत नाही. जुन्या ऑपरेशनमध्ये बसवलेली सळई, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा असेल तर तेही सांगा, म्हणजे पॅड त्या जागेपासून दूर लावता येते.