बचाव नौकेचे इंजिन सुरू का होत नाही?

वाशीम हा नद्यांच्या उगमाचा जिल्हा आहे. काटेपूर्णा येथे उगम पावून उत्तरेस पूर्णेकडे जाते. अडाण व अरुणावती आग्नेयेकडे वाहतात. तर पैनगंगा रिसोड तालुक्यातून येऊन पुढे हिंगोली जिल्ह्याच्या सीमेने वाहते. उगमाजवळच्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या असतात आणि एखाद्या रात्रीच्या मुसळधार पावसाने सकाळी दुथडी भरून वाहू लागतात. अशा वेळी शेतात, मळ्यावर अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी फारच थोडा अवधी हाताशी असतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते व जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात. बचाव साहित्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मागील बाजूस इंजिन लावलेली रबरी नौका. परंतु ही नौका वर्षातील दहा-अकरा महिने गोदामात पडून असते, आणि न वापरलेले इंजिन वापरलेल्या इंजिनापेक्षा लवकर बिघडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तलावावर पावसाळ्यापूर्वीची चाचणी पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. अधिकारी, सरपंच, शाळेची मुले अशी बरीच मंडळी काठावर जमली होती. दोन धट्टेकट्टे जवान आळीपाळीने दोरी ओढत होते. इंजिन मात्र ढिम्म. अर्धा तास असा गेल्यावर एका वृद्ध भोई गृहस्थांनी विचारले, “साहेब, ती लाल दोरी कुठं हाय?” दोरी साहित्याच्या पेटीत होती. ती लावताच इंजिन सुरू झाले.

ही लाल दोरी म्हणजे सुरक्षा-दोरी. तिचे एक टोक चालकाच्या मनगटास आणि दुसऱ्या टोकाची चाप इंजिनाच्या बंद-कळीस लावलेली असते. चालक पाण्यात पडला तर चाप निघते, ठिणगी बंद होते आणि नौका त्याच्या अंगावर येत नाही. चाप जागेवर नसेल तर दोरी शंभर वेळा ओढूनही उपयोग नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणाऱ्या जलस्कूटरमध्येही हीच योजना असते आणि तिथेही पहिला संशय हिच्यावरच घ्यावा लागतो. त्याच वेळी गिअर मध्यस्थितीत आहे ना, हेही पाहावे. गिअर अडकलेला असता बहुतेक इंजिने सुरू होण्यास नकार देतात.

यानंतर इंधनाकडे वळावे. टाकीच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद केलेला असतो आणि नंतर उघडण्याचे राहून जाते. हवा आत शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर रबरी फुगा असतो. त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने ठेवून तो घट्ट होईपर्यंत दाबावा. घट्ट होतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा नळीच्या जोडातून हवा शिरते आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर स्क्रू बंद आहे किंवा टाकीतील नळीचे तोंड तुंबले आहे.

आजच्या पेट्रोलविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. देशात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचा अंश वाढला म्हणजे इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. गतवर्षीचे पेट्रोल यंदा वापरणे म्हणूनच धोक्याचे. दोन-धावी इंजिनात पेट्रोलमध्ये तेलही मिसळावे लागते. 50 लिटरास 1 लिटर हे प्रमाण अनेक ठिकाणी चालते, म्हणजे लिटरला 20 मि.ली.; परंतु जुन्या इंजिनांचे प्रमाण निराळे असते, यास्तव माहितीपुस्तिका पाहिल्याखेरीज मिश्रण करू नये.

इतके करूनही यश न आल्यास स्पार्क प्लग काढावा. त्याची अवस्थाच पुष्कळ काही सांगते. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत पोहोचत नाही. बहुधा कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेले असते व ते मिस्त्रीकडून साफ करून घ्यावे लागते. प्लग ओलाचिंब असेल तर चोक अधिक ओढून इंजिन तुंबविले गेले आहे. अशा वेळी प्लग पुसून वाळवावा, सुरक्षा-चाप काढून ठिणगी बंद ठेवावी, चोक आत ढकलावा आणि प्लगाविना दोरी काही वेळा ओढून आतील पेट्रोल बाहेर जाऊ द्यावे. ठिणगी तपासायची झाल्यास प्रथम सांडलेले पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊ द्यावी, मग चाप लावावी आणि प्लग त्याच्या टोपीत बसवून धातूचा भाग इंजिनाच्या धातूस टेकवून दोरी ओढावी. हे काम जाणत्या माणसानेच आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर करावे. ठिणगी दिसली नाही तर नवा प्लग लावून पाहावा. बटनाने सुरू होणाऱ्या इंजिनात बॅटरी व तिच्या तारांची गंजलेली टोकेही तपासावी लागतात.

नौका उलटून इंजिन पाण्यात बुडाले असेल, तर ते जबरीने सुरू करण्याचा मोह आवरावा. पाणी दाबले जात नाही. आतील दांडा वाकू शकतो. प्लग काढून, दोरी ओढून पाणी बाहेर काढावे व त्याच दिवशी मिस्त्रीस दाखवावे, कारण गंज चढावयास फार वेळ लागत नाही.

चाचणी कोरड्या जमिनीवर कधीही घेऊ नये. थंड करणारे पाणी ओढणारी रबरी चक्री पाण्याविना अल्पावधीतच निकामी होते. वाशीम शहरास पाणी पुरविणाऱ्या एकबुर्जीसारख्या जलाशयावर, संबंधितांच्या परवानगीने, किंवा पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात गिअर न टाकता इंजिन चालवावे. सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडते आहे ना, हे पाहावे.

महिन्यातून एकदा दहा मिनिटे अशी चाचणी घेऊन नोंदवहीत तारीख, पेट्रोल भरल्याचा दिनांक व चालविणाऱ्याची सही घालावी. दोन नवे प्लग, प्लगचा पाना आणि एक जादा सुरक्षा-दोरी इंजिनाच्या पेटीतच बांधून ठेवावी. गोदामाच्या किल्लीबरोबर नव्हे.