फुल हाऊसला तीन बिल्ले

कार्यकर्ते जेवढे तेवढेच बिल्ले, असं कुठल्याही गणेश मंडळात होत नाही. बिल्ले जास्तच करावे लागतात. पन्नासाच्या ऑर्डरला छापणारा नाक मुरडतो. पितळी बिल्ला करायचा तर साच्याचा खर्च एकाला आणि हजाराला सारखाच. शिवाय स्थापनेच्या आदल्या रात्री ‘आमच्या मेहुण्यालाही एक द्या’ म्हणणारे असतातच. विसर्जन झालं की उरलेला माल मिठाईच्या रिकाम्या डब्यात आणि डबा मंडळाच्या कपाटात. पुढच्या वर्षी बिल्ल्यावरचं साल बदलतं, म्हणून जुना छातीवर लावता येत नाही. बाप्पाचं चित्र आहे म्हणून कचऱ्यातही टाकवत नाही. अंधेरीच्या आझाद नगरातला ‘अंधेरीचा राजा’ १९६६पासून बसतो आणि त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीऐवजी संकष्टीला होतं, म्हणजे तिथल्या कार्यकर्त्याचा उत्सव इतरांहून चार-पाच दिवस लांब. बाकी कपाटातल्या डब्याची गोष्ट मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, सगळीकडे एकच.

या डब्याचं करायचं काय, याला उपनगरातल्या सोसायट्यांकडे एक तयार उत्तर आहे: हाऊजी. गणपतीत, कोजागिरीला, एकतीस डिसेंबरला गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून खेळला जाणारा, कुणालाही शिकवावा न लागणारा खेळ. त्यात बक्षीस म्हणून स्टीलची वाटी किंवा पन्नासची नोट ठेवतात. तिथे बिल्ले ठेवून पाहावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. पण का, ते सांगायला आधी बिल्ल्याकडे नीट पाहायला हवं.

आपल्याकडे सर्रास दिसतो तो गोल बटण बिल्ला. तो करायचं यंत्र टेबलावर मावणारं, लोखंडी, लांब दांड्याचं असतं. त्यात खाली दोन साचे. पहिल्या साच्यात पत्र्याची गोल टोपी, तिच्यावर छापलेला कागद, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पातळ चकती ठेवायची आणि दांडा ओढायचा. तिन्ही थर वरच्या साच्यात अडकून बसतात. दुसऱ्या साच्यात पिन लावलेली पाठ ठेवायची, यंत्र फिरवायचं, पुन्हा दांडा. या वेळी कडा आत वळतात आणि ‘कट्’ असा आवाज होऊन बिल्ला हातात येतो. ५८ मिलिमीटरच्या बिल्ल्याला कागद सुमारे ७० मिलिमीटरचा लागतो, कारण भोवतालची कड दुमडून मागे जाते. नवखा मुलगा कॉम्प्युटरवर डिझाईन करतो तेव्हा हे विसरतो आणि ‘सार्वजनिक’मधला ‘सा’ बिल्ल्याच्या पाठीमागे जाऊन बसतो. असे फसलेले बिल्ले डब्यात सापडतात आणि शौकीन माणूस आधी त्यांच्यावरच झडप घालतो.

ही जात फार जुनी नाही. अमेरिकेतल्या न्यूआर्क गावच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६मध्ये सेल्युलॉइडच्या आवरणाखाली कागद दाबून बसवण्याच्या या पद्धतीचं पेटंट मिळवलं. त्याच वर्षी तिथे मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक होती. बिल्ले छातीछातीवर पोचले. योगायोग असा की त्याच १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये खेळाडू, पंच आणि पत्रकार ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याच्या गोल चकत्या दिल्या गेल्या. त्या चकत्यांतून पुढे ऑलिंपिकच्या मीनाकारी केलेल्या पिनांची अदलाबदल सुरू झाली. आज क्रीडाग्रामात खेळाडू गळ्यातल्या पट्ट्यावर पिना टोचून हिंडतात, आपल्या देशाची देतात, दुसऱ्याची घेतात. स्काउटांच्या जांबोरीतही तेच. तिथे जास्तीच्या पिना हा प्रश्नच नसतो. अदलाबदलीसाठी मुद्दाम जास्तीच्याच नेतात.

आपल्याकडे तशी अदलाबदल रुजलेली नाही. बिल्ले वाटले जातात, आणि वाटण्यातच घोळ आहे. ‘पडलेत हो, घेऊन जा’ म्हटलं की माणूस घेतो, खिशात टाकतो, पँट धुवायला जाते. न मागता मिळालेल्या वस्तूकडे कोण पाहतो? बायकांनी हे कधीच ओळखलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतात तेव्हा ती वस्तू काय आहे, शेजारच्या विंगमध्ये काय दिलं, यावर रथसप्तमीपर्यंत चर्चा चालते. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावरून बोरं, हलवा, गोळ्या ओततात आणि भोवतालची पोरं त्या वेचायला तुटून पडतात. त्याच गोळ्या बशीतून दिल्या असत्या तर अर्ध्या उरल्या असत्या. २००४पासून झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर घरोघरी जाऊन पैठणीसाठी खेळ घेत होते. पैठणी सहज विकत घेऊ शकणाऱ्या घरांतल्या वहिनीसुद्धा तिथे चमच्यात लिंबू धरून धावत होत्या.

खेळून मिळवलेल्या वस्तूकडे माणूस पाहतो, म्हणून हाऊजी. आता तिचं तिकीट. तीन ओळी, नऊ रकाने, सत्तावीस घरं. त्यातली पंधरा भरलेली, बारा रिकामी. प्रत्येक ओळीत पाचच आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, मग दहा-दहाचे गट आणि शेवटच्यात ८० ते ९०. सहा तिकिटांची जी अखंड पट्टी येते तिच्यात १ ते ९० हे सगळे आकडे एकेकदाच असतात. ही पट्टी फाडताना फार कोणी विचार करत नाही, पण मुलांसाठी खेळ घेणाऱ्याने करावा. अठरा मुलं असतील तर बरोबर तीन पट्ट्या वाटायच्या. मग पुकारलेला प्रत्येक आकडा नेमक्या तीन मुलांकडे असतो. एकही आकडा वाया जात नाही. सुटी तिकिटं कशीही वाटली तर काही आकड्यांना सगळा हॉल गप्प बसतो आणि लहान मुलांचा जीव तिथेच उडतो.

हिशेबही गमतीचा आहे. एका तिकिटाचे पंधराही आकडे लागायला सरासरी ८५ आकडे पुकारावे लागतात, म्हणजे आकड्यांचा जवळजवळ सगळा डबा रिकामा. पण चाळीस तिकिटं खेळात असली की कुणा ना कुणाचं फुल हाऊस सत्तरीच्या आसपास होतं. पहिल्या पाच आकड्यांचा ‘जल्दी पाच’ तर चाळीस जणांत अकरा-बारा आकड्यांतच उरकतो, एरवी एकट्या तिकिटाला त्यासाठी सरासरी अठ्ठावीस लागतात. म्हणून पहिलं बक्षीस पटकन जातं, मग ओळींची बक्षिसं, आणि शेवटी एकेक आकडा बाकी असलेले पाच-सहा जण पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

पुकारणारा चांगला हवा. इंग्रजी क्लबातली आकड्यांची ‘टू फॅट लेडीज’सारखी नावं मला कधीच आवडली नाहीत. मराठी पुकाऱ्याला त्यांची गरजही नाही. पांडव पाच, अष्टविनायक आठ, सोळा सोमवार सोळा, बत्तिशी बत्तीस, साठी बुद्धी नाठी साठ. छत्तीसचा आकडा आला की समोरच्या जोडप्याकडे नुसतं बघायचं, हॉल हसतो. चुकीचा दावा करणाऱ्याचं तिकीट ‘बोगी’ म्हणून बाद. यात दयामाया दाखवली की पुढचा अर्धा तास भांडणात जातो. लहान मुलांना मात्र एक चूक माफ असावी.

बिल्ल्यांच्या खेळात एक नियम बदलायचा: अमुक बक्षिसाला अमुक बिल्ला, असं आधी ठरवायचं नाही. सगळे बिल्ले सालवार एका चादरीवर मांडायचे. जल्दी पाचला एक, प्रत्येक ओळीला एक, चारी कोपऱ्यांना एक, फुल हाऊसला तीन. आणि जिंकणाऱ्याने चादरीपाशी जाऊन स्वतः निवडायचं. खरी मजा इथे आहे. निवडायची पाळी आली की माणूस पहिल्यांदा बिल्ला बघतो. कोणत्या वर्षी देखावा कसला होता, अक्षरं कोणाच्या हातची, अमुक सालचा बिल्ला का सापडत नाही, हे प्रश्न तिथे निघतात आणि मागच्या खुर्चीवरचे काका उठून उत्तरं द्यायला पुढे येतात. खेळ संपल्यावर ज्यांना काहीच लागलं नाही त्यांनी चिठ्ठीच्या क्रमाने एकेक उचलायचा. मग अदलाबदल आपोआप होते, ती शिकवावी लागत नाही.

दोन गोष्टींत ढिलाई नको. तिकिटाला एक रुपयाही घ्यायचा नाही. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७चा आहे आणि पैसे लावून नशिबावर बक्षीस हा प्रकार त्याच्याच वाटेला जातो. ‘वर्गणी समजा’ ही पळवाट सेक्रेटरींच्या डोकेदुखीला निमंत्रण. दुसरं पिनांचं. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातल्या पिनांवर गंज चढतो, म्हणून मांडण्याआधी प्रत्येक बिल्ला उलटा करून बघायचा, गंजलेली पिन काढायची. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिनेचा बिल्ला द्यायचाच नाही, मागे चुंबक चिकटवून फ्रिजसाठी द्यायचा. चुंबकही चांगला मोठा आणि पक्का चिकटवलेला हवा. छोटा सुटला तर पोर तोंडात घालतं.

या वर्षी मंडळाचं कपाट आवरायला काढाल तेव्हा मिठाईचा डबा भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येक सालचा एकेक बिल्ला बाजूला काढा, पुठ्ठ्यावर टोचून खाली साल लिहा आणि तो पुठ्ठा मंडळाच्या फाईलबरोबर ठेवा. बाकीचे कोजागिरीला चादरीवर मांडा.